तांदळाच्या डब्यातले सासरे

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाईंना सांगितलं, की ख्रिसमसपर्यंत त्यांना माणसांचे चेहरे दिसेनासे होतील. वय वर्षं एक्याण्णव. सासूबाई रडल्या नाहीत की त्यांनी देवाला बोल लावला नाही. त्या म्हणाल्या, "मग त्याच्या आत मला नेस्टरला एकदा नीट बघायचंय. तो ट्रॅक्टरवरचा. दात न लावलेला. लॉर्ननं काढलेला." लॉर्न म्हणजे मी.

हे बोलताना त्यांचं तोंड डॉक्टरांकडे होतं. याचा अर्थ त्या माझ्याकडे बघत होत्या. आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे स्टेफानिया बॉयचुक यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय आणि कडेचा अजून शाबूत आहे, त्यामुळे ज्याला बघायचं त्याच्यावरून त्या तोंड फिरवतात. नवख्या माणसाची फार पंचाईत होते. गेल्या हिवाळ्यात बर्फ नीट न उपसल्याबद्दल त्यांनी मला पाऊण तास फैलावर घेतलं, आणि तेवढा वेळ माझ्या बाजूला बसलेला आमचा शेजारी मरे थिसन मान खाली घालून "चुकलं, चुकलं" म्हणत होता.

नेस्टर म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आयुष्यात निघालेल्या यच्चयावत फोटोंत ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे उभे आहेत. फक्त २००९ साली, शेत विकलं त्या दिवशी, ते शेवटचे ट्रॅक्टरवर चढले, टोचणारी कवळी काढून खिशात टाकली आणि हसले. तेवढ्यात मी कॅमेरा दाबला. सासूबाईंच्या मते जावई म्हणून मी केलेलं हे एकमेव काम.

"फोटो आहे ना?" घरी येताना गाडीत व्हर्नानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"आहे म्हणजे काय? अर्थात आहे."

"कुठे आहे?"

बायकांना हा दुसरा प्रश्न का सुचतो, मला कळत नाही.

फोटो शोधायला आठ दिवस लागले, पण सापडला. जुन्या कॉम्प्युटरवर, 'नवीन', 'नवीन दोन' आणि 'नवीन खरं' या कप्प्यांपैकी दुसऱ्यात. कोपऱ्यात माझा अंगठा आला होता, पण नेस्टर पूर्ण होते. सासूबाईंना मी तो आमच्या टीव्हीवर लावून दाखवला. त्यांनी तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, आणि म्हणाल्या, "बटाटा आहे का?"

फोटो मोठा दिसायला पाहिजे होता. व्हर्नानं लगेच तोडगा काढला. दर ऑक्टोबरात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण असतं. सगळं एल्क क्रॉसिंग गाव तीन पंगतींत जेवून जातं. हॉलची भिंत बारा फूट उंच आणि पांढरी, आणि प्रोजेक्टर चर्चचाच. "तिसऱ्या पंगतीनंतर लावू," ती म्हणाली. "भिंतभर बाबा. तेवढे तरी दिसतील आईला. तू फक्त तो एक फोटो घेऊन ये."

आता इथे थांबलो असतो तर ही कथा इथेच संपली असती. एक फोटो, एक भिंत. पण मी एकतीस वर्षं पीकविम्याच्या कचेरीत काढली आहेत. ज्याअर्थी एक फोटो शोधायला आठ दिवस लागतात, त्याअर्थी व्यवस्थाच सडलेली आहे, असा अहवाल मी मनातल्या मनात लिहिला आणि सगळ्याच्या सगळ्या फोटोंचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. मोजले. चौदा हजार तीनशे बारा भरले. त्यांतले दोन हजारांच्या वर फोटो गारपिटीनं आडव्या झालेल्या बार्लीचे होते, कारण गारा पडल्या की पंचनाम्याला जायचो मी, आणि घरचा कॅमेरा बरा म्हणून तोच न्यायचो. एकसष्ट फोटोंत माझा अंगठा होता. व्हर्नाच्या मते हा आकडा कमी आहे.

मी काहीतरी करतोय हे आमच्या गल्लीत लपत नाही. पहिला आला मरे थिसन, डावीकडचा शेजारी. वीज मंडळातून निवृत्त झालाय आणि तेव्हापासून सगळ्यांच्या घरात उजेड पाडत फिरतो.

"हार्ड डिस्क घे," कॉफीत तिसरा चमचा साखर घालत तो म्हणाला. "आपली वस्तू आपल्या घरात. माझ्याकडे प्रत्येक फोटोच्या तीन प्रती आहेत. तीन! दोन घरात आणि एक अशी गुप्त जागी, की मिल्ड्रेडलासुद्धा माहीत नाही."

"बायकोला का नाही सांगायचं?"

"गुप्त म्हणजे काय मग?"

उजवीकडच्या डार्लीन फोन्तेनला हे कुंपणावरून ऐकू गेलं. डार्लीन बँकेत होती. तिनं हातातला दंताळा तिथेच टाकला आणि आत आली. "त्याचं ऐकू नकोस, लॉर्न. उद्या घराला आग लागली, तळघरात पाणी शिरलं, तर? क्लाउडवर टाक. माझे सगळे वर आहेत. मी मेले तरी राहतील."

"वर म्हणजे कुठे?" मरेनं विचारलं. "जागा सांग. पत्ता सांग."

"पैसे बँकेत ठेवतोस तेव्हा तुझी नोट कुठल्या कप्प्यात आहे ते विचारतोस का?"

"विचारतो!" मरे म्हणाला, आणि डार्लीननं मान डोलावली, कारण तो खरंच विचारायचा आणि खिडकीत तीच बसायची.

माझं मत विचाराल तर ढगांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. ढगांतून काय खाली येतं ते मी एकतीस वर्षं फूटपट्टीनं मोजलंय. पण शेजारधर्म म्हणून मी दोघांचंही ऐकायचं ठरवलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती अशाच समतोल विचारातून आलेल्या आहेत.

आधी मरेचा मार्ग. हार्ड डिस्क आणली, हाताच्या पंजाएवढी. रात्रंदिवस चालून तिच्यात सगळं भरलं. "आता ओल लागता कामा नये," मरे म्हणाला. "फॉइलमध्ये गुंडाळ आणि तांदळात पुर." आमच्याकडे आइस्क्रीम चार लिटरच्या डब्यातून येतं आणि डबा कोणी फेकत नाही. आइस्क्रीम संपतं, डबा घराण्यात राहतो. लोणची, सूप, खिळे, कुत्र्याचं खाणं, सगळं त्यातच, आणि झाकणावर चिकटपट्टीवर आडनाव, म्हणजे डबा कुठेही गेला तरी परत येतो. मी एक डबा घेतला, तांदूळ ओतला, डिस्क फॉइलचे चांगले चार वेढे देऊन मध्यभागी पुरली, वर 'कर्कनेस' अशी आमच्या आडनावाची पट्टी लावली आणि तळघरातल्या फळीवर व्हर्नाच्या डब्यांत ठेवून दिला. व्हर्नाला सांगितलं नाही. गुप्त म्हणजे काय मग?

मग डार्लीनचा मार्ग. खातं उघडताना फोन नंबर मागितला. परक्याला मोबाईल नंबर देऊ नये म्हणून मी भिंतीवरच्या फोनचा दिला. फोटो वर चढायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस घरात इंटरनेटनं दुसरं काहीही करायचं नाही असा हुकूम मी काढला होता. व्हर्ना डार्लीनकडे जाऊन बर्फावरच्या कर्लिंगचे सामने बघायची आणि जेवायच्या वेळीसुद्धा तिकडूनच विचारायची, "चढले का?"

सप्टेंबर संपताना शेवटचा अंगठा वर पोचला. मी इतका खूश झालो की कॉम्प्युटर जागा कमी आहे म्हणून किती दिवस कुरकुरतोय, तर त्याच्यावरचे फोटो पुसून टाकले. सगळे. एक प्रत वर, एक तळघरात, तिसरीची गरज काय? मग खात्यातून बाहेर पडून दारही नीट लावून घेतलं. पुसल्यावर एक पाटी आली होती. कॉम्प्युटरच्या पाट्या मी वाचत नाही. मीच इतकी वर्षं लोकांना पाट्या दाखवत होतो, त्या कोणी वाचायच्या नसतात हे मला ठाऊक आहे.

जेवणाला चार दिवस राहिले तेव्हा, म्हणजे बुधवारी, डार्लीन म्हणाली, "दाखव तरी तुझे फोटो." तिनं तिच्या लॅपटॉपवर खातं उघडायला लावलं. मी पासवर्ड घातला. आत पांढरं शुभ्र. एकही फोटो नाही.

"तू कॉम्प्युटरवरून काही पुसलंस का?"

"पुसलं. वर होते ना!"

डार्लीन खुर्चीत बसली. "अरे, ते दोन्हीकडे एकच असतं! इथे पुसलंस की तिथे पुसलं जातं! पाटी नाही का आली?"

मी तिला कॉफी हवी का विचारलं.

"थांब, घाबरू नकोस. कचऱ्याच्या टोपलीत तीस दिवस राहतात," ती म्हणाली, आणि टोपली उघडायला गेली तर खात्यानं पुन्हा पासवर्ड विचारला. या वेळी घाईत मी भलतीच अक्षरं दाबली. पाचदा चुकला. खातं कुलूपबंद. मग ते म्हणालं, तुम्ही दिलेल्या नंबरावर सांकेतिक आकडा पाठवलाय, तो घाला. स्वयंपाकघरात भिंतीवरचा फोन होता तसा गप्प. त्याला बिचाऱ्याला लिहिता-वाचता येत नाही.

राहिला अर्ज. चौदा रकाने. खातं कोणत्या दिवशी उघडलं, शेवटचं कधी उघडलं, आणि शेवटी 'विनंतीचं कारण'. मी कारण लिहिलं. सासूबाईंचे डोळे, नेस्टरची कवळी, तिसरी पंगत, सगळं. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं: 'आपण दिलेली माहिती पुरेशी नाही. कृपया अर्ज परिपूर्ण करून पुन्हा सादर करावा.'

हे वाक्य मला पाठ आहे. १९८९ साली आमच्या कचेरीसाठी त्याचा मसुदा मीच केला होता. त्याबद्दल मला घड्याळ मिळालं होतं. त्या दिवसापर्यंत मला ते वाक्य सभ्य वाटायचं.

पण एक सांगतो, मी डगमगलो नव्हतो. बुधवारीच डार्लीनसमोर शांतपणे उठलो होतो, "डिस्क आहे माझ्याकडे," असं म्हणून जिना उतरलो होतो आणि फळीवर बघितलं होतं. बीट होतं, लोणचं होतं, खिळे होते. 'कर्कनेस' तांदूळ नव्हता.

"व्हर्ना," मी खालूनच, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथला तांदळाचा डबा?"

"एडनाला दिला. चर्चमध्ये कोबीच्या रोलांना तांदूळ कमी पडत होता. का रे?"

"काही नाही."

"फोटो तयार आहे ना? आईनं आज चारदा फोन केला. म्हणाली, लॉर्नला सांग, सकाळी मला घड्याळाचे काटे दिसले नाहीत."

"तयार आहे," मी म्हणालो. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण इतकं साधं खोटं मी कधी बोललो नव्हतो. नीच वाटत होतं. रविवारच्या आत ती डिस्क मिळवायची, मग चर्चच्या विटा काढाव्या लागल्या तरी चालतील, असं मी तिथे खिळ्यांच्या डब्याशेजारी ठरवलं.

चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर एडना मॅकलिऑडच्या ताब्यात आहे. मधे एक लाकडी फळी आहे आणि तिच्यापलीकडे पुरुषानं जायचं नाही. पुरुषांनी टेबलं उचलायची, टर्की कापायची आणि गप्प बसायचं. गुरुवारी रोल वळणाऱ्या बायकांनी मला जिन्यावरूनच परत पाठवलं. शुक्रवारी मी फळीशी उभा राहिलो. पलीकडे दीडशे डबे, सगळे पांढरे, सगळे चार लिटरचे.

"एडना, मला जरा आत यायचंय. माझी एक वस्तू चुकून तांदळात आली आहे."

"कसली वस्तू?"

आता हार्ड डिस्क म्हणावं तर पाच मिनिटांत व्हर्नाला कळणार. "खाजगी आहे," मी म्हणालो.

एडनानं हात पुसले. "लॉर्न, २००५ साली आमची साठ एकर बार्ली गारांनी लोळवली होती. माझ्या नवऱ्यानं, डगनं, अर्ज केला होता. तो तू परत पाठवलास. का, आठवतंय?"

"तिसऱ्या पानावर सही नव्हती."

"तिसऱ्या पानावर सही नव्हती," ती म्हणाली. "आणि तुझ्या अर्जात वस्तूचं नावच नाही. पुन्हा कर."

मी निघालो नाही. दार लावलं तर खिडकी बघायची, हा माझा स्वभाव. टर्की कापायला माणसं होती, पण बटाटे सोलायला एडनाला हात कमी पडत होते. बटाट्यांची पोती फळीच्या आतल्या बाजूला होती. मी म्हणालो, "सगळे सोलतो." मग तिनं फळी उचलली आणि मला एक एप्रन दिला. त्याच्यावर लाल फुलं होती. साध्या रंगाचे एप्रन तिच्यामागे खुंटीला दिसत होते, पण मी फुलांचाच बांधला.

शुक्रवार आणि शनिवार मिळून मी दोन पोती बटाटे सोलले. दर दोन बटाट्यांमागे एक डबा उघडायचा, असा माझा हिशोब. 'कर्कनेस' डबा पहिल्याच तासात दिसला. धुऊन पालथा घातलेला. तांदूळ गुरुवारीच शिजून नऊशे रोलांत गेला होता.

"त्या तांदळात काही सापडलं का, एडना?"

"गुरुवारी मी भोपळे आणायला गेले होते. बायकांनी केलं. काही वावगं असतं तर बोलल्या असत्या."

"रोलांत काही गुंडाळलं गेलं असेल का?"

"केवढं?"

मी हाताचा पंजा दाखवला.

"तसं असेल तर तो मिल्ड्रेडचा रोल असेल," ती म्हणाली. "तिचे तेवढेच असतात." मी मिल्ड्रेडचा अख्खा ट्रे विणायच्या सुईनं टोचून बघितला. सगळ्यांत भातच होता.

मग एकामागून एक डबे. पिरोगी म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भोपळा, बीट, पुन्हा पिरोगी. एकात फक्त बटणं, कोणीतरी घाईत उचलून आणलेली. एकात कवळी. गावात कोण गेले दोन दिवस सूप पितंय ते मला त्याक्षणी कळलं. शनिवारी दुपारी वाटाण्याच्या एका डब्यात हात घातला आणि बोटांना गार, चौकोनी, गुळगुळीत काहीतरी लागलं. बाहेर काढलं. फॉइल नव्हती. वर चिठ्ठी होती: 'मरे थिसन, प्रत क्रमांक तीन. गुप्त.'

टेबलं उचलायला मरे वरच आला होता. मी त्याला जिन्यात गाठलं आणि डिस्क डब्यासकट हातात दिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डब्याच्या झाकणावरचं आपलं आडनाव त्यानं दोनदा वाचलं, मग छाती पुढे काढली. "ही मी मुद्दाम इथे ठेवली होती," तो म्हणाला. "एक प्रत घराबाहेर हवीच."

"वाटाण्यात?"

"कोरडे आहेत ना?" मरे म्हणाला. पण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली करून म्हणाला, "मिल्ड्रेडला बोलू नकोस." त्यात कसला मोठेपणा नव्हता, म्हणून मी नाही बोललो.

रविवार उजाडला. दीडशेच्या दीडशे डबे बघून झाले होते. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. मी लाल फुलांच्या एप्रनमध्ये ग्रेव्ही वाढत होतो आणि लोक वळून वळून बघत होते. पण आता इज्जतीचा प्रश्न माझ्यासाठी उरला नव्हता. तिसऱ्या पंगतीला व्हर्ना सासूबाईंना घेऊन आली. सासूबाईंनी निळा झगा घातला होता, मोत्यांची माळ, आणि केस सेट केले होते. एखाद्याला भेटायला निघाल्यासारख्या. डार्लीननं लॅपटॉप आणि प्रोजेक्टर जोडून ठेवला होता आणि माझ्याकडे भुवया उंचावून बघत होती. भिंत पांढरी, रिकामी, बारा फूट.

मी ठरवलं, सांगून टाकायचं. भिंतीसमोर नाही, त्यांच्या कानात. एप्रन काढला, मग पुन्हा घातला, कारण हात कुठे ठेवायचे कळेना, आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसलो. त्या गोड पदार्थांच्या ताटलीवर वाकल्या होत्या आणि काट्यानं काहीतरी टोचत होत्या.

"आई," मी म्हणालो, "मला तुमची माफी मागायची आहे. नेस्टरचा फोटो—"

"आधी मला हा केक कापून दे," त्या म्हणाल्या. तोंड मिठाईच्या टेबलाकडे होतं. "टेबलावर होता, मीच उचलून आणला. फॉइलमधला केक तुझ्या बायकोचाच असतो. पण इतका कडक तिनंही आजवर केला नव्हता. काटा वाकला."

मी ताटलीत बघितलं. फॉइल. चांगले चार वेढे. एका कोपऱ्यावर काट्याची तीन भोकं आणि आत काळं प्लास्टिक.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला ते मला आठवत नाही. व्हर्ना म्हणते, म्हैस व्याल्यासारखा. मी ती डिस्क ताटलीसकट उचलली आणि धावत सुटलो. मागून सासूबाई ओरडल्या, "अरे, माझा केक!" वाढणारी एक बाई म्हणाली, "कर्कनेसांच्या तांदळात केक निघाला म्हणून गुरुवारी आम्ही हसलो आणि गोडाच्या टेबलासाठी ठेवला!" आणि डार्लीननं कसलाही प्रश्न न विचारता डिस्क लॅपटॉपला जोडली. हे तिचं मोठेपण.

दिवे मालवले. भिंतीवर चित्र आलं. बार्ली.

घाईत मी दिसेल तिथे बोट दाबलं होतं, आणि फोटो अगदी पहिल्यापासून, तारखेनं सुरू झाले होते. गारांनी झोडपलेली बार्ली, भिंतभर. मग पुन्हा बार्ली, बाजूला फूटपट्टी. थांबवायचं कसं, मला कळेना. कोणीतरी खोकलं. अंधारात एक म्हातारा म्हणाला, "हे आमचं उत्तरेकडचं शेत." दुसरा म्हणाला, "त्या वर्षी आम्ही गुरं विकली." चमचे वाजायचे थांबले. मग एक शेत आलं, साठ एकर, सगळं जमिनीला टेकलेलं, आणि मधे हात लोंबकळत सोडून उभा असलेला डग मॅकलिऑड.

"म्हणजे फोटो होता," अंधारात एडना म्हणाली.

"होता."

"आणि सही नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो. "सही घ्यायला मी तुमच्या दारापर्यंत गाडी घेऊन यायला हवं होतं. वीस मिनिटांचा रस्ता. माझं चुकलं, एडना."

"भांडी राहिलीत," ती म्हणाली. "ती घास. मग बघू."

तेवढ्यात डार्लीनला २००९ सापडलं.

नेस्टर बॉयचुक भिंतीवर आले. बारा फूट उंच, ट्रॅक्टरवर, टोपी मागे सरकलेली, तोंडात एकही दात नाही आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत. डाव्या कोपऱ्यात दरवाजाएवढा माझा अंगठा. हॉलमध्ये हशा पिकला, कारण त्यांना असं कोणी पाहिलंच नव्हतं, आणि मग तो हळूहळू थांबला, कारण सासूबाई उठल्या होत्या.

त्या भिंतीपासून चार हातांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. पूर्ण माझ्याकडे. मी त्यांच्या अगदी समोर होतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्यासाठी नव्हतं. एप्रनला डोळे पुसले, त्याचा तेवढा तरी उपयोग झाला.

"दात खिशात आहेत," त्या म्हणाल्या. "वरच्या. फुगलाय बघ खिसा."

आम्ही कोणी कधी ते पाहिलं नव्हतं. मी पुढे होऊन बघितलं. खिसा फुगलेला होता.

"हा आता नीट ठेव हं, लॉर्न," मरे मागून म्हणाला. "आपल्या घरात. तीन प्रती."

"क्लाउडवर," डार्लीन म्हणाली. "आणि या वेळी मी करीन."

"गप्प बसा रे दोघं," सासूबाई म्हणाल्या. दोघंही गप्प बसली, पण चपापला फक्त प्रोजेक्टरशेजारचा पाद्री, कारण तोंड त्याच्याकडे होतं. "मला हा कागदावर काढून द्या. मोठा. पलंगासमोर टांगा. उद्या मला दिसला नाही तरी कुठे आहे ते तर माहीत असेल!"

कागदावर काढून. चौदा हजार तीनशे बारा फोटोंचा बंदोबस्त करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं, हे मी कबूल करतो. मी त्या दिवशी सगळी भांडी घासली. एडनानं जाताना मला साध्या रंगाचा एप्रन घरी नेऊ दिला. क्लाउडवाल्यांना मी अजून अर्ज करतोय, सातवा झाला. तिसावा दिवस कधीच उलटून गेला, पण अर्ज परिपूर्ण झाल्याशिवाय मी सोडणार नाही.

फोटो पलंगासमोर लागला, तीन फूट बाय चार. अंगठा कापू का म्हणून दुकानदारानं विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, काढणाराही असू दे. ख्रिसमसला त्यांना खरंच चेहरे दिसेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, आता कडेचंही फारसं उरलेलं नाही. रविवारी मी जातो, त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो, बर्फ उपसला का, गाडीत तेल घातलं का, सगळ्यांची उत्तरं देतो. बोलता बोलता त्या अजूनही समोरच्या फोटोवरून तोंड वळवतात, थेट माझ्याकडे, आणि हसतात. मी खुर्ची जरासुद्धा हलवत नाही.